चालता तारा



रमजानचा आणि ईदचा चंद्र पाहायला तुम्ही गच्चीवर जाताच. एकोणतिसाव्या दिवशी सूर्य मावळला, की साऱ्या मोहल्ल्याच्या नजरा पश्चिमेकडे लागतात. कोणी बोट दाखवतो, कोणी डोळे बारीक करून पाहतो, कोणी 'दिसला, दिसला!' म्हणून ओरडतो. चंद्र दिसला, की सगळे एकमेकांना मुबारकबाद देत खाली उतरतात आणि गच्ची रिकामी होते. मग महिनाभर कोणी वर पाहतही नाही.

माझी तुम्हांला एक विनंती आहे. एखाद्या साध्या संध्याकाळीही गच्चीवर किंवा मैदानात जा. मगरिबची नमाज झाल्यावर अर्ध्या तासाने आकाशाकडे पाहत बसा. हळूहळू तारे उगवू लागतील. तेवढ्यात एखादा तारा आपली जागा सोडून चालू लागलेला दिसेल. तो लुकलुकत नाही, आवाज करत नाही, मध्येच वळत नाही. एकाच चालीने तो चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून जातो.

हा तारा नव्हे. हा माणसाने अवकाशात सोडलेला कृत्रिम उपग्रह आहे. तो पाहायला दुर्बीण लागत नाही आणि पैसाही लागत नाही. दोन डोळे लागतात, धीर लागतो आणि थोडा प्रामाणिकपणा लागतो. आकाश पाहण्यासाठी प्रामाणिकपणा कशाला, असे तुम्ही विचाराल. ते मी पुढे सांगणार आहे.

आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. उपग्रह आपल्याला दिसतो, तर त्याच्यावर दिवा लावलेला असतो का? नाही. मग तो चमकतो कसा?

संक्रांतीच्या दिवसांत तुम्ही पतंग उडवता. संध्याकाळी गल्लीत सावली पसरते, घरांत दिवे लागतात. पण उंच गेलेल्या पतंगावर अजून ऊन असते. खाली दिवस संपलेला असतो, वर संपलेला नसतो. उपग्रहाचेही असेच आहे. पतंग फार तर शे-दोनशे मीटर उंच जातो. उपग्रह चारशे, पाचशे, कधी हजार किलोमीटर उंच असतो. आपल्याकडे रात्र झाली, तरी तेथे ऊन असते. ते ऊन उपग्रहाच्या अंगावर पडते आणि तेथून आपल्या डोळ्यांकडे येते. म्हणजे उपग्रह पाहताना आपण मावळलेल्या सूर्याचाच प्रकाश पाहत असतो.

म्हणूनच उपग्रह पाहण्याच्या वेळा दोन. एक सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास आणि दुसरी सूर्योदयापूर्वीचे दीड-दोन तास. सेहरीसाठी तुम्ही उठता, तेव्हाची वेळ यासाठी फार चांगली. मध्यरात्री मात्र पृथ्वीची सावली आपल्या डोक्यावर खूप उंचीपर्यंत पसरलेली असते. त्या सावलीत गेलेला उपग्रह डोक्यावरून गेला, तरी आपल्याला दिसत नाही.

कधी कधी एक गंमत घडते. उपग्रह पश्चिमेकडून येतो, आकाशाच्या मध्यावर पोहोचतो आणि कोठेही ढग नसताना मंद होत होत विझून जातो. तो पडलेला नसतो आणि फुटलेलाही नसतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. तुमच्या डोळ्यांदेखत तेथे सूर्य मावळलेला असतो.

आता त्याला ओळखायचे कसे? विमानाला लाल, हिरवे दिवे असतात, ते उघडझाप करतात आणि शांत जागी विमानाचा आवाजही येतो. उल्का एखाद्या क्षणात रेघ ओढून नाहीशी होते. 'तो बघ' म्हणेपर्यंत ती संपलेली असते. शुक्र आणि गुरू फार तेजस्वी दिसतात, पण ते चालताना दिसत नाहीत. उपग्रह मात्र संथपणे, सरळ मार्गाने जातो. त्याचा रंग पांढरा किंवा किंचित पिवळसर असतो. काही जुने रॉकेटचे भाग गोल गोल फिरत असतात. त्यामुळे त्यांचा प्रकाश ठरावीक अंतराने कमी-जास्त होतो. पण त्याला रंगीत दिवे नसतात.

घरावरच्या टीव्हीच्या छत्रीला ज्या उपग्रहाकडून चित्र मिळते, तो मात्र तुम्हांला दिसणार नाही. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती फिरते, तितक्याच वेळात तो पृथ्वीभोवती फिरतो. म्हणून आपली छत्री एकाच दिशेला रोखून ठेवता येते. इतक्या दूरचा उपग्रह साध्या डोळ्यांना दिसत नाही.

दिशा ओळखणे तुम्हांला अवघड नाही. महाराष्ट्रात आपण नमाजासाठी जिकडे तोंड करतो, ती साधारण पश्चिम दिशा. तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला उत्तर, डाव्या हाताला दक्षिण आणि पाठीमागे पूर्व. बहुतेक उपग्रह पश्चिमेच्या बाजूने येतात आणि पूर्वेच्या बाजूला जातात. पृथ्वी स्वतः पूर्वेकडे फिरते. त्या फिरण्याचा वेग रॉकेटला आयता मिळावा, म्हणून ती बहुधा पूर्वेकडे सोडतात. काही उपग्रह उत्तर-दक्षिण जातात. ते दोन्ही ध्रुवांवरून फिरतात आणि खाली पृथ्वी फिरत असल्याने काही दिवसांत सगळी जमीन, सगळे समुद्र पाहून घेतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा उपग्रह क्वचितच दिसतो.

उंची मोजायची असेल, तर हात सरळ पुढे करा आणि मूठ वळा. ही मूठ आकाशाचे सुमारे १० अंश झाकते. क्षितिजापासून डोक्यावरच्या बिंदूपर्यंत अशा नऊ मुठी होतात. 'उपग्रह उत्तरेला चार मुठी उंचीवरून गेला' एवढे सांगितले, तरी ऐकणाऱ्याला नेमके कळते.

ताऱ्यांची ओळख असेल, तर आणखी सोपे. हिवाळ्यात संध्याकाळी कृत्तिकांचा छोटा पुंजका दिसतो. त्यालाच अरबीत सुरैया म्हणतात; तुमच्या वर्गातही एखादी सुरैया असेल. तिच्या मागोमाग येणारा लालसर तारा म्हणजे रोहिणी. अरबांनी त्याचे नाव अल-दबरान ठेवले, म्हणजे मागून येणारा. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आजही हेच नाव वापरतात. अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ. स. ९६४च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी ताऱ्यांची जागा, तेज आणि रंग स्वतःच्या डोळ्यांनी तपासून नोंदवले. तेव्हा दुर्बिणीचा शोध लागलेला नव्हता. आणि रोहिणी हेच नाव भारताने आपल्या एका उपग्रहाला दिले. १८ जुलै १९८० रोजी तो श्रीहरिकोटा येथून आपल्याच रॉकेटने अवकाशात गेला. त्या रॉकेटच्या प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम.

आता प्रामाणिकपणाची गोष्ट.

एकदा आमच्या इमारतीतील पाच-सहा मुले माझ्याबरोबर गच्चीवर उपग्रह पाहत होती. एक उपग्रह गेला. तो जाताच सगळी एकदम बोलू लागली. एक म्हणाला, "सर, त्याला लाल दिवा होता." दुसरा म्हणाला, "नाही, पांढरा होता." तिसऱ्याला त्याचा आवाजही ऐकू आला होता. पाच मिनिटांत ज्याचा आवाज मोठा, त्याचेच म्हणणे सगळ्यांना खरे वाटू लागले.

पुढच्या खेपेला मी प्रत्येकाला एक कागद दिला. नियम एकच होता : आधी लिहायचे, मग बोलायचे. उपग्रह गेला. सगळ्यांनी गुपचूप लिहिले. कागद वाचून पाहिले, तर दिशा बहुतेकांची जुळत होती. वेळेत मात्र दोन-तीन मिनिटांचा फरक होता, कारण घड्याळेच एकमेकांशी जुळलेली नव्हती. सर्वांत लहान मुलीने लिहिले होते, 'तो विझला. ढग नव्हता. शेजारच्या पाण्याच्या टाकीपर्यंतही गेला नव्हता.' तिला पृथ्वीची सावली ठाऊक नव्हती. पण तिने सावलीची जागा अचूक टिपली होती. एका मुलाच्या कागदावर तीनच शब्द होते : 'मला दिसला नाही.' बाकीची मुले हसली. मी त्याला विचारले, तेव्हा कळले, की तो उजेडाच्या खोलीतून नुकताच वर आला होता. अंधाराची सवय व्हायला डोळ्यांना पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्या दिवसापासून आम्ही सगळेच लवकर वर जाऊ लागलो. त्याने खोटेच 'दिसला' असे लिहिले असते, तर ही गोष्ट मुलांना कळली नसती.

चंद्र पाहिल्याची साक्ष देणाऱ्याला मोठी माणसे काय विचारतात, ते आठवा. तू स्वतः पाहिलास का? कोठे पाहिलास? किती वाजता? दुसऱ्याने पाहिला म्हणून आपणही पाहिला, असे म्हणून चालत नाही. विज्ञानाची रीतही हीच आहे. जे पाहिले, तेवढेच सांगायचे. जे वाटले, ते वेगळे सांगायचे.

अशा साध्या माणसांच्या साक्षीने विज्ञानाला खरोखर मदत केली आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक १ हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तो ५८ सेंटीमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वजनाचा गोळा होता. जगभर लोक रात्री आणि पहाटे आकाशाकडे पाहत उभे राहिले. खरे तर त्यांतील बहुतेकांनी पाहिला तो उपग्रह नव्हे, तर त्याच्याबरोबर फिरणारा रॉकेटचा मोठा भाग. गोळा इतका लहान होता, की तो साध्या डोळ्यांना दिसणे फार कठीण होते.

त्याच्या आधीच, १९५६ मध्ये, अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी 'मूनवॉच' नावाचा उपक्रम सुरू केला होता. शिक्षक, विद्यार्थी आणि इतर हौशी माणसे त्यात सामील झाली. ती रांगेने बसत, छोट्या दुर्बिणीतून पाहत आणि उपग्रह ठरलेल्या रेषेवरून गेला, की ती वेळ नोंदवत. मोठ्या कॅमेऱ्यांनी उपग्रहांची छायाचित्रे घेण्यासाठी जगात बारा केंद्रे उभारली गेली. त्यांपैकी एक आपल्या देशात, नैनितालला होते. या नोंदींवरून उपग्रहाची कक्षा काढता येई. कक्षा हळूहळू लहान होत आहे, असे दिसले. म्हणजे एवढ्या उंचीवरही विरळ हवा आहे आणि ती उपग्रहाला अडवते. ती हवा किती विरळ आहे, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी अशा नोंदींवरून केला. कोणा शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने थंडीत कुडकुडत लिहिलेली एक वेळ त्या हिशेबात उपयोगी पडली.

खरी साक्ष नसली, की काय होते? तिची जागा अफवा घेते. १९७९ मध्ये अमेरिकेचे स्कायलॅब हे अवकाशस्थानक पृथ्वीवर पडणार, अशी बातमी आली. ते कोठे पडेल, हे आधी नेमके सांगता येत नव्हते. आपल्या देशातही अनेक लोक घाबरले. ११ जुलै १९७९ रोजी त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. कोणालाही इजा झाली नाही.

दुसरी घटना आपल्या महाराष्ट्रातील आहे. २ एप्रिल २०२२ची संध्याकाळ. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चंद्रही दिसला होता. रात्री आठच्या सुमारास विदर्भात आणि मध्य प्रदेशात अनेकांना आकाशातून जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग दिसली. कोणी म्हणाले, विमान पेटले. कोणी म्हणाले, उल्का पडली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडलेले सापडले. ते अवकाशातून परतलेल्या एका चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. त्यांना हे कसे कळले? लोकांनी मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितींवरून वेळ कळली, दिशा कळली. त्या वेळी त्या मार्गाने कोणती वस्तू जाणार होती, ते हिशेबाने ताडून पाहता आले. उल्का क्षणात संपते, ठिणग्यांची ही रांग मात्र सावकाश गेली, हीसुद्धा एक खूण होती. अशी जळती वस्तू पुन्हा कधी दिसली आणि तिचा तुकडा सापडला, तर त्याला हात लावू नका. मोठ्यांना आणि पोलिसांना कळवा.

आता आकाशात नवी गर्दी झाली आहे. मे २०१९ मध्ये एका अमेरिकन कंपनीने इंटरनेटसाठी ६० स्टारलिंक उपग्रह एकदम सोडले. त्यानंतर असे हजारो उपग्रह गेले. सोडल्यावर काही रात्री ते एकामागून एक, दिव्यांच्या माळेसारखे जाताना दिसतात. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. आज पृथ्वीभोवती काम करणाऱ्या उपग्रहांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. दूरच्या खेड्यालाही त्यांच्यामुळे इंटरनेट मिळते, हे खरे. पण दूरच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या छायाचित्रांवर या उपग्रहांच्या पांढऱ्या रेघा उमटतात, हेही खरे. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा आकाश किती वापरायचे आणि किती मोकळे ठेवायचे, हे तुमच्या पिढीला ठरवावे लागेल. ज्याने आकाश कधी पाहिलेच नाही, तो हे कसे ठरवणार?

या सगळ्या चालत्या ताऱ्यांत एक मला फार आवडतो. तो म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक. त्याचा पहिला भाग २० नोव्हेंबर १९९८ रोजी अवकाशात गेला. २ नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. ते सुमारे १०९ मीटर लांब आहे आणि त्याचे सौर पंख मोठे आहेत. म्हणून ते कोणत्याही ताऱ्यापेक्षा तेजस्वी दिसू शकते. आपल्याकडे ते नैर्ऋत्येकडून किंवा वायव्येकडून वर येते. ते कोणत्या गावावरून केव्हा जाणार, याच्या वेळा नासा ही अमेरिकेची अवकाश संस्था आधीच जाहीर करते. घरातील मोठ्या माणसांच्या मोबाइलवर त्या पाहता येतात.

ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असते. मुंबईच्या डोक्यावर आलेले हे स्थानक मुंबईपासून नागपूर जितके दूर, त्याहून जवळ असते. त्याचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर. मुंबईवरून निघाले, की दीड मिनिटात नागपूर! दीड तासात पृथ्वीची एक फेरी. त्यातील माणसे एका दिवसात सोळा वेळा सूर्योदय आणि सोळा वेळा सूर्यास्त पाहतात.

आपल्या देशाचे राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोव्हिएत संघाच्या साल्युत ७ या स्थानकात गेले होते. त्यानंतर जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात पोहोचले. तेथे जाणारे ते पहिले भारतीय. १५ जुलै २०२५ रोजी ते पृथ्वीवर परतले. त्या दिवसांत या स्थानकाचा जो ठिपका आकाशातून जात होता, त्यात आपल्यापैकी एक जण बसलेला होता. हे स्थानक २०३०च्या सुमारास निवृत्त करून पुढे समुद्रात उतरवण्याची योजना आहे. म्हणून म्हणतो, ते आत्ताच पाहून घ्या. तुमच्या धाकट्या भावंडांना ते कदाचित पाहायला मिळणार नाही.

यासाठी एक साधी वही करा. तिच्यात पाच रकाने आखा : तारीख, वेळ, कोठून आला, किती मुठी उंचीवरून गेला, कोठे दिसेनासा झाला. घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. गच्चीला कठडा नसेल, तर मैदानात बसा. वर पाहत चालू नका. दिवे बंद करून पंधरा मिनिटे डोळ्यांना सवय होऊ द्या. मराठीत लिहा किंवा उर्दूत लिहा. आकाशाला दोन्ही भाषा सारख्याच. पण मित्राच्या वहीत पाहून लिहू नका.

काही दिवस तुमची वही भरभर भरेल. काही दिवस ढग येतील, धूर असेल किंवा नुसतेच तास जातील. त्या दिवशीही तारीख घाला, वेळ घाला आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहा : 'दिसला नाही.' हीसुद्धा साक्षच आहे. आणि जो हे लिहू शकतो, तो ज्या दिवशी 'दिसला' असे लिहील, त्या दिवशी त्याच्या शब्दावर सगळे विश्वास ठेवतील.